वांग्याची गाय

त्सुरुओका, २ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. इकडे उकाड्याने जीव नकोसा केलाय. तुझ्या शेतावर कसं काय? वहिनीची कंबर आता बरी आहे ना? मी ठीक आहे. बाबांचं घरही ठीक आहे, फक्त न्हाणीचं दार लागत नाही.

मी बनवत असलेला गेम संपत आलाय. तू म्हणशील, "अजून भुताखेतांशीच गप्पा मारतेस का?" हो, मारते! चित्रं बघायची, काय बोलायचं ते निवडायचं आणि आत्म्यांशी मैत्री जमवायची. त्यात एक म्हातारा आत्मा आहे. रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसतो आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरतो. गेम तपासणाऱ्या मिनोरीचा फोन आला, "ताई, याला निरोप कसा द्यायचा? काहीही निवडलं तरी हा उठतच नाही. शेवट लिहायचा राहिला का?"

"विसरले असेन," मी म्हटलं.

विसरले नव्हते रे.

गेल्या वर्षी बाबा गेल्यानंतरचा पहिला ओबोन, पितर घरी यायचे दिवस. तू आला नाहीस. जितेपणी बोलणं टाकलं होतंस, तेव्हा मेल्यावर कशाला येशील, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. रागही आला होता. काकडीला चार काड्या टोचून घोडा केला, बाबांनी झटकन घरी यावं म्हणून. परतीची वांग्याची गाय मात्र केली नाही. शेजारच्या इगाराशी काकू डोकावल्या. "अगं, गाय कुठंय? परत जाताना काय पायी पाठवणार आहेस त्यांना?"

मी म्हटलं, "यंदा वांगी बरी नव्हती." परसात चांगली हातभर लोंबत होती. काकूंनाही दिसत होती.

सोळा तारखेला निरोपाचा जाळही पेटवला नाही. तेव्हापासून रोज त्यांचा चहा ओतते आणि गार झाला की टाकून देते. बाबा आले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण आले असतील तर मी त्यांना वर्षभर अडकवून ठेवलंय. दादा, मला या घरात एकटीला राहवत नाही. एवढंच सांगायचं होतं आणि वर्षभर सांगता आलं नाही.

यंदा तू ये. तेरा तारखेला, पितर येतात त्या दिवशी, नाही जमलं तर सोळाला निरोपाला तरी. घोडा करायचा नाही, आणायचं कोणाला? तुझ्या शेतातलं एक वांगं आण, वाकड्या देठाचं, बाबा तसंच निवडायचे. परसात मी यंदा लावलीच नाहीत. काड्या तासून ठेवते. टोचायच्या मात्र तूच. माझा हात धजायचा नाही.

बाबा आणि मी वाट पाहतोय.

आम्हा दोघांचा नमस्कार.

तुझी धाकटी,
किनुए