टँकर येईपर्यंतचं आभाळ

८ मार्च, रविवार

आज पुन्हा मधेच वीज गेली. दूध संस्थेच्या खोलीत सगळ्या बायका, पोरं, आणि समोर टीव्हीची काळी काच. कुणी उठलं नाही. बराच वेळ सगळ्या त्या काचेकडेच बघत होत्या. जणू मालिकेतला तो माणूस आत कुठेतरी अजून बोलतोय.

मालिका जुनी, परदेशी, हिंदीत बोलणारी, दर रविवारी सकाळी एक वेगळी गोष्ट. आमच्याकडे तिला नुसतं 'आभाळातलं' म्हणतात. आजचा भाग मी बीडला हॉस्टेलवर पाहिलेला. एकटा माणूस, लहानसं यान, इंजिन बंद पडलेलं. एका मेलेल्या ग्रहाभोवती फिरत राहतो. इकडे पृथ्वीवर त्याची बायको रोज संध्याकाळी रेडिओपाशी बसते. तो म्हणाला, आता मी ग्रहाच्या पलीकडे चाललो, आवाज जाईल. आणि नेमकी तेव्हाच इथली वीज गेली.

गंगूआक्का, संस्थेच्या अध्यक्ष, म्हणाल्या, "इमल, तू कालेजात शिकलीस. पुढं काय झालं ते तुला ठावं असंल."

ठाऊक आहे. उद्या सांगते म्हटलं.

९ मार्च, सोमवार

टँकर सकाळी येणार होता, अकरा वाजले तरी नाही. घागरी रांगेत, बायका बाभळीखाली. जिला घरी काम असतं ती घागर उचलून दगड ठेवून जाते, दगडाला तिचाच नंबर. मागच्या आठवड्यात इथेच मी सहकाराची तत्त्वं समजावून सांगायला उभी राहिले होते. तिसऱ्या तत्त्वाला अर्ध्या बायका पेंगत होत्या. संस्थेची सचिव झाल्यापासून माझी किती भाषणं अशी वाळून गेली.

आज कुणी पेंगलं नाही.

मी खरं तेच सांगणार होते. त्याचा आवाज परत येत नाही. ती तीन संध्याकाळी ऐकत बसते. मग रेडिओ बंद करते, बाहेर जाते, दार लागतं. संपलं. सांगायला पाव मिनिट लागलं असतं.

पण पुढ्यात सिंधूवहिनी बसल्या होत्या, मांडीवर लेक चिमी. त्यांचे मालक, भानुदासभाऊ, दसऱ्यानंतर बोअर खणायच्या गाडीवर कामाला कर्नाटकात गेले. दिवाळीला एक कार्ड आलं. त्यानंतर काही नाही.

"परत बोलला का गं त्यो?" वहिनींनी विचारलं.

"बोलला," मी म्हणाले. "सहाव्या दिवशी."

तेवढ्यात टँकरची धूळ दिसली आणि सगळ्या पळाल्या. मी तिथेच. हे मी काय बोलून बसले.

१३ मार्च, शुक्रवार

टँकर (आता नुसता ट. लिहिते) दोन तास उशिरा. गोष्टही दोन तास. पंचवीस मिनिटांचा भाग, त्याचे माझे चार झाले. संस्थेच्या रद्द फॉर्मच्या पाठीवर लिहून काढते आहे, वर 'भाग ४' असं.

प्रश्न थांबत नाहीत. खातो काय? पाणी कुठलं? दाढी वाढली असंल की. पाण्याचं मी असं केलं: त्याच्याच श्वासाचं दव यानाच्या काचेवर जमतं, पहाटे तो ते बोटानं निपटून वाटीत घेतो. यावर सगळ्यांनी आपापल्या घागरींकडे पाहिलं. 

मग आक्का : "एकटा हाय म्हणून झुरतोय. एक शेळी तरी दे त्येला."

मी म्हटलं, आक्का, यानात गवत कुठलं?

"मग हितं कुठं हाय?"

लई हसल्या सगळ्या. वहिनीसुद्धा.  तेव्हा आता यानात शेळी आहे.

२१ मार्च, शनिवार

दुपारी नदीच्या पात्रातून येताना मधेच थांबले. पांढरे गोटे, पांढरी वाळू, वर पांढरं आभाळ. कुठेच हालचाल नाही. त्याला खाली असंच दिसत असेल. वाटलं, मान वर केली तर तो दिसेल, काचेला कपाळ लावून बसलेला, शेजारी शेळी रवंथ करतेय. मी हात हलवलासुद्धा. कुणी पाहिलं नसावं.

घरी माय म्हणाली, "उन्हात कावून फिरतीस गं? येडी झालीस का?"  अण्णांनी माझा पदवीचा कागद ट्रंकेत साड्यांच्या मधे ठेवलाय, चुरगळू नये म्हणून. त्या कागदावर कुठेही असं लिहिलेलं नाही की ही मुलगी टँकरच्या रांगेत खोटं सांगेल.

खोटं आहे का ते? माहीत नाही. सांगताना खोटं वाटत नाही.

३० मार्च, पाडवा

शेळी व्याली. भाग १३. दोन करडं. यानात वजन नसतं, त्यामुळे जन्मल्या जन्मल्या ती तरंगायला लागली आणि तो त्यांना धरायला धावतोय, म्हणजे पोहतोय. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी साखरेची गाठी आणली होती ती टँकरच्या नळीला बांधली. ड्रायव्हर म्हणाला, हे काय वो? त्याला कुणी सांगितलं नाही.

रेडिओवर बायकोनं विचारलं, करडांची नावं काय ठेवली? तो म्हणाला, तू ठेव.

वहिनी त्या वेळी मान खाली घालून चिमीची वेणी घालत होत्या. वेणी घालून झाली, सोडली, परत घातली.

५ एप्रिल, रविवार

वीज सकाळपासूनच नाही. 'आभाळातलं' नाही.

वहिनींचा भाऊ आला होता, उद्धवदादा, माजलगावहून. तिकडे धरणाचं पाणी, उभा ऊस, चारा. वहिनी, चिमी आणि म्हैस, तिघींना न्यायला टेंपो घेऊनच आला होता. मी दुधाच्या मोजमापाची वही द्यायला गेले तर अंगणात तेच चाललेलं.

"सासू न्हाई, सासरा न्हाई, कुणासाठी बसलीस हितं? म्हशीच्या फासळ्या मोज जरा."

"येते की दादा. एवढं संपू दे."

"काय संपू दे?"

"आभाळातलं. त्यो घरी येतो का न्हाई, तेवढं कळू दे. मग येते."

दादा माझ्याकडे बघून हसला. "ताई, तुमी काय जादू केली हो?" मला हसता आलं नाही. टेंपो रिकामा गेला.

६ एप्रिल

आक्कांनी संस्थेत दार लोटून घेतलं. कॅन विसळताना, माझ्याकडे न बघता :

"ती तुझ्या गोष्टीपायी बसलीय. कळतंय का तुला? म्हैस आटत चाललीय. पोरगी वाळलीय. तिला वाटतंय, वरचा खाली आला की तिचा बी येणार."

मी म्हटलं, आक्का, शेळी तुम्हीच दिलीत.

"शेळी दिली मी. आस तू लावलीस."

दिवसभर तेच वाक्य. मी लोकांचं भलं करायला म्हणून गावात परत आले. पुण्याची नोकरी नको म्हणाले. आणि एका बाईला पाण्याकडे जाऊ देत नाही आहे, ते कशानं, तर...

१२ एप्रिल, रविवार

वीज पूर्ण वेळ होती! शेवटी निवेदिका म्हणाली, प्रेक्षकांच्या आग्रहावरून काही जुने भाग पुन्हा दाखवणार. पुढच्या रविवारी पहिला. यानातला माणूस, काच, तोच चेहरा पडद्यावर आला.

खोलीत एकच आरडाओरडा. "आपला त्यो! आपला त्यो!"

वहिनींनी चिमीला उचलून दाखवलं. मी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहितेय असं केलं.

१५ एप्रिल, बुधवार

तीन दिवसांत त्याला घरी आणायचं ठरवलं. रविवारच्या आत. त्यांनी आधी माझं ऐकलं की टीव्हीचं काही का असेना. आज इंजिन दुरुस्त केलं, एका तारेनं. स्वतःलाच पटलं नाही. आवाज पोकळ लागत होता.

वहिनी म्हणाल्या, "इमल, घाई कावून करतीस? इतके दिस नीट चाललतं."

ट. लवकर आला. तो आल्याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

१८ एप्रिल, शनिवार

त्याला घरी आणणं जमलं नाही, यान अजून वाटेतच. टीव्हीच्या लाकडी पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. मी ती उमापूरच्या बाजारात हरवू शकते. सेट बिघडला म्हणू शकते. उद्या आजारी पडू शकते. सगळं सोपं आहे. किल्ली दिवसभर मुठीत, हाताला लोखंडाचा वास.

संध्याकाळी वहिनींकडे गेले. सांगायचंच असं ठरवून. त्या म्हशीच्या पाठीवरून ओला फडका फिरवत होत्या. फडक्यापुरतं पाणी, तेवढंच. मी म्हटलं, वहिनी, उद्याचा भाग... मी सांगितला तसा नाही.

"व्हय?"

शेळी नाही त्यात, मी म्हणाले. भित्री. शेळीवरच थांबले.

"बघू की," म्हणाल्या. "तू ये मात्र लवकर. मागच्या बारी किल्लीपायी सुरुवात गेलती."

१९ एप्रिल, रविवार

साडेनऊलाच गेले. पेटी उघडली. वीज जावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली. एरवी हमखास जाणारी, आज गेली नाही.

पहिली दहा मिनिटं : "शेळी कुठं हाय?" "मागं बांधली असंल." "अजून दिली नसंल, ती नंतर." तो पलीकडच्या बाजूला गेला. मागे जिथे काच काळी झाली होती ती जागा आली आणि गेली. बायको रेडिओपाशी. पहिली संध्याकाळ. दुसरी.  तिसरी. तिनं हात पुढे केला, बटण फिरवलं. उठली. बाहेर गेली. दार लागलं. नावं वर सरकायला लागली.

आक्का पहिल्यांदा बोलल्या. "हे खोटं हाय. टीव्हीवाल्यांनी कापलं. शेळी सुदीक कापली." बाकीच्या लगेच, व्हय, कापलंच. आपलंच खरं. माझ्यासाठी बोलत होत्या, कळत होतं. रडू येत होतं.

वहिनी पडद्याकडे बघत होत्या. नावं संपली, बातम्या लागल्या, तरी. मग चिमीला कडेवर घेऊन गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

पहाटेच रांगेला गेले. दिवस उगवायचा होता, धूळ खाली बसलेली, सगळं निळं. वहिनी आधीच तिथे, एकट्या. मी समोर जाऊन उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, वहिनी, मला शेवट ठाऊक होता. पहिल्या दिवसापासून.

"ठावं होतं मला."

कसं?

"तू त्याचं सांगताना डोळे वर करायचीस. तिचं सांगताना खाली." मग घागर रांगेत सरकवून : "आईक. ती बाई रेडिओ बंद करून बाहेर गेली. मेली न्हाई काही. दार लागलं, म्हणून पुढचं आपल्याला दिसंना. तिच्याकडून ते उघडंच हाय की. दीड महिना तू त्याचंच सांगत बसलीस. दाढी, शेळी, करडं. ती बाहेर गेली, ती कुठं गेली?"

 खरंच कधी विचारच केला नव्हता. मी नेहमी यानातच होते.

"मला बी ठावं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "दादाला निरोप धाडलाय."

२३ एप्रिल, गुरुवार

टेंपो आला. म्हैस चढेना, सगळ्या बायकांनी मागून रेटून चढवली. आक्का वहिनींना म्हणाल्या, सभासदत्व चालू ठेवते, पावसाळा झाला की यायचं. आणि पदरानं नाक पुसलं.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. ते दिवाळीचं कार्ड देतात की काय वाटलं. तसं काही नाही.

"ते आले तर त्यांना माजलगावचा पत्ता सांग. आणि घाईत असले तरी बसव. पैल्यापासून सांग सगळं. शेळीसकट."

चिमी टेंपोच्या मागच्या फळीवरून हात हलवत होती. धुळीत आधी हात दिसेनासा झाला, मग टेंपो.

२७ एप्रिल, सोमवार

चार दिवस काही सांगितलं नाही. कुणी मागितलंही नाही.

आज रांगेत बघितलं तर पुढून सहावा, वहिनींचा दगड. कुणी ठेवला विचारलं नाही. रांग सरकली तसा मागच्या बाईनं तो पायानं हळूच पुढे सरकवला. नळीपाशी नंबर आला तेव्हा आक्कांनी उचलून परत शेवटाला नेऊन ठेवला.

ट.चा पत्ता नव्हता. आक्का म्हणाल्या, "सचिवबाई, तोंडाला कुलूप लावलं का पेटीला? बोल की."

पाठकोरा फॉर्म मांडीवर घेतला. भाग ३१. तिनं रेडिओ बंद केला, दार ओढून घेतलं आणि बाहेर आली. बाहेर नुकतं उजाडत होतं. तिनं वर पाहिलं नाही. एक रस्ता होता, पांढरा, आणि त्यावर चाकांचे ताजे

इथवर आले आणि वळणावर धूळ उठली. टँकरची असावी असं सगळ्या म्हणाल्या. पण टँकर एवढा सावकाश येत नाही. घागरी उचलायच्या सोडून आम्ही सगळ्या तिकडे बघत उभ्या राहिलो; मी मनात माजलगावचा पत्ता घोकत होते.