ईशानीचे पाय

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रिद्धी,

खूप आशीर्वाद. फोनवर बोलायला घेतलं की आई मध्येच फोन ओढून घेते, म्हणून पत्र लिहितेय. इथला उकाडा सरला. ईशानीला संध्याकाळी खाली पार्कात नेता येतं. साखरपुड्याची साडी आईने व्हिडिओवर दाखवली. रंग तुला खुलेल.

ईशानी सारखी का पडते, असं तू विचारलं होतंस. आत्या म्हणते, धांदरट आहे. निखिल तिचा बाबा असूनही म्हणायचा, लक्ष नसतं. मागच्या महिन्यात शेजारच्या खतीजाच्या वाढदिवसाला मुलं आंधळी कोशिंबीर खेळत होती. ईशानीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि ती उभ्या जागी खाली कोसळली. रडली नाही. म्हणाली, "आई, व्हेअर डिड माय लेग्ज गो?"

हे ऐकून मी तिला डॉक्टर तहसीनकडे नेलं. त्यांनी तिला डोळे मिटायला लावून तिच्या पायाचा अंगठा हळूच हलवला. "वर की खाली?" ईशानी नुसते अंदाज सांगत होती. चिमटा मात्र लगेच कळला. गरम-गारही कळलं.

रक्ततपासणीत कारण सापडलं. ऐक, मला तर यात फार गोडी लागलीय. नसांच्या टोकाशी, पेशीच्या पातळ पडद्यात पिएझो-टू नावाचं प्रोटीन रुतलेलं असतं. त्याला पंख्यासारखी तीन वाकडी पाती. ती पडद्याला वाटीसारखा खळगा पाडतात. स्नायू ताणला की पडदाही ताणला जातो, वाटी चपटी होते आणि मधलं भोक क्षणभर उघडतं. त्यातून विद्युतभार असलेले कण आत घुसतात, नसेत सिग्नल उठतो आणि मेंदूला कळतं, पाय इथे आहे.

"म्हणजे नुसत्या ताणाने वीज?" मी विचारलं.

"हां, बस इतना ही," डॉक्टर हसल्या.

ईशानीत ते प्रोटीन नीट बनतच नाही. ती पायांकडे बघून चालते, म्हणून उजेडात आपल्या लक्षात येत नाही. मी हल्ली डोळे मिटून नाकाला बोट लावून बघते. दर वेळी बरोबर लागतं. केवढं नवल आहे गं!

औषध नाही. फिजिओ सुरू केलाय.

आता खरं लिहायचं ते. हा दोष आई-बाबा दोघांकडून आला तरच मूल असं होतं. मी आणि निखिल मामे-आते भावंडं. डॉक्टर म्हणतात, आपल्या आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी दोष आपल्या बाबांकडून माझ्यात आणि आत्याकडून निखिलमध्ये उतरला असणार. तो तुझ्यात असू शकतो. निखिलचा सख्खा भाऊ म्हणून तुझ्या सुजीतमध्येही. किंवा नसेल.

निखिल म्हणाला, "साखरपुडा होऊन जाऊ दे. आईला काय वाटेल?"

"तोवर उशीर होईल," मी म्हटलं. "मी रिद्धीला लिहिणार. खलास, विषय संपला."

लग्न मोड असं मी म्हणत नाहीये. सुजीत गुणी आहे. फक्त आधी दोघं रक्त तपासून घ्या, मग काय ते तुम्हीच ठरवा. आत्याचं बोलणं मी ऐकून घेईन.

हे सगळं निखिलने आत्ता वाचलं. मग म्हणाला, "खाली माझंही नाव घाल."

तुझी ताई वैभवी
आणि तुझा निखिलदादा