रूथने रोट खाल्ला

२ ऑगस्ट १९९७, शनिवार

इतिहासात नोंद राहावी म्हणून लिहिते. आज सकाळी माझा कप माझ्याकडून काढून घेण्यात आला. निळ्या काठाचा, मोठा, माहेराहून आणलेला. सासूबाईंनी (घरात सगळे त्यांना माय म्हणतात) मला न विचारता तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. कारण विचारलं तर, "पाव्हनीले फुटेल कप देतस का?" म्हणजे फुटका मला. कान तुटलेल्या कपाला फडकं गुंडाळून चहा प्याले. साहेब पन्नास वर्षांपूर्वी गेले असं शाळेत शिकवते मी. गेलेले परत आले ते थेट माझ्या कपावर.

साहेबाचं नाव रूथ. वय अठरा, नाकावर ठिपके, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. इंग्लंडहून पोरापोरींचा घोळका आलाय. आमच्या शाळेमागची बालवाडी रंगवणार आहेत. दोन आठवडे मुक्काम शिक्षकांच्या घरी. हेडमास्तरांनी विचारलं आणि ह्यांनी होकार दिला. ह्यांना नाही म्हणता येत असतं तर आमचं लग्नही झालं नसतं.

४ ऑगस्ट, सोम.

बालवाडीच का? म्हणे गटाला आधी शहर साफ करायचं होतं. तीन वर्षांपूर्वी, सुरतेच्या प्लेगच्या वेळी आले असते तर हार घालून झाडू दिला असता. आता शहराच्या टोकाला आमच्या उधन्यातसुद्धा रस्ते रोज झाडले जातात. सेवेला जागाच उरली नाही, म्हणून रंग.

संध्याकाळी रूथला विचारलं, कॉलेजचं काय? (माझं इंग्रजी पाचवीपर्यंतचं आहे, शिकवायचं. त्याच्या वर गेलं की लेक स्मिता दुभाष्या.) तर कॉलेज पुढच्या वर्षी. मधलं वर्ष हिंडायचं. नापास नाही, आजारी नाही, लग्न ठरलेलं नाही. आपणहून!

आमच्याकडे शिक्षणात वर्ष मोकळं गेलं की स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. मधल्या काळात मुलगी कुठे होती, काय करत होती. जामिनावर सुटल्यासारखं. तिच्याकडे त्याच वर्षाला आईबाप विमानतळावर सोडायला येतात.

स्मिता ऐकत होती. कान टवकारून. बारावी झालीय, फार्मसी डिप्लोमाला जागा लागलीय, फी भरायची बाकी. हे कान मला आवडले नाहीत.

६ ऑगस्ट, बुध.

भिंतीवर हत्ती काढलाय. बालवाडीतल्या पोरांनी एकमताने तो म्हैस ठरवला. गटाची बाई, चाळिशीची, गळ्यात शिट्टी, म्हणाली मुलांची कल्पनाशक्ती अफाट आहे. खरं आहे. एवढ्या रंगात त्यांना निदान जनावर दिसलं.

पण रूथ काम करते. केसात हिरवा रंग, हाताला फोड. फोड दाखवत नाही, हे मला आवडलं.

घरी आल्यावर बॉम्ब. शिट्टीवाल्या बाईने स्मिताला विचारलंय. ज्या ज्या गावात गट जातो तिथून एकाला तिकडे बोलावतात. जानेवारी ते जून. समुद्राकाठच्या गावात म्हाताऱ्यांचं घर आहे, तिथे सेवा. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं ते बघणार. घोळक्यासाठी चार दिवस दुभाष्याचं काम केलं त्याचं हे फळ. म्हणजे फार्मसी गेली. जागा पुढच्या वर्षी कोण राखून ठेवतंय?

स्मिता : आई, मला जायचंय.
हे : बघू.
माय : "म्हाताऱ्यासले पाहाले तठे जाशी? आनि मी आठे काय मरेल शे?"

मी शाळेत दिवसभर बोलते, घरी सुट्टी.

८ ऑगस्ट, शुक्र.

माय आणि रूथ ओट्यावर. मायची अहिराणी, रूथचं इंग्रजी, मध्ये स्मिता.

"तुनी आजी कोठे शे?"

रूथने नखातला हिरवा रंग खरवडला. मग म्हणाली, म्हाताऱ्यांच्या घरात. आई नोकरीवर जाते, घरी बघायला कोणी नाही. गेल्या ख्रिसमसला भेटली होती.

मायने तिच्याकडे बघितलं, मग स्मिताकडे. मला वाटलं आता सोडत नाही. पण रूथच्या डोक्यावर खोबरेल थापलं आणि हिरवा रंग निघेपर्यंत चोळलं. पोर डोळे मिटून बसली होती.

मनात हिशोब लागला तो असा : त्यांची पोर इथे येऊन आमच्या म्हातारीकडून डोकं चोळून घेते, आमची पोर तिथे जाऊन त्यांच्या म्हाताऱ्यांची डोकी विंचरणार. आपापली म्हातारी आपापल्या जागी ठेवली असती तर विमानाचं तिकीट वाचलं असतं. हे कुणाला सांगितलं नाही. जरा बरं वाटलं एवढंच.

९ ऑगस्ट, शनि.

उद्या कानबाई, आमच्या मुलखातल्या देवीचा सण. रोटाचे गहू काढले. आमच्या घरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्याच पिठाचा रोट, पुरण घालून. तो फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कणसुद्धा नाही. आणि संपवायचा.

रूथ येऊन उकिडवी बसली. प्रश्न सुरू. ही पोर प्रश्नांवर जगते.

पाव मूठ कशी मोजता? लग्न झाल्यापासून मोजतेय, मला कधी पडला नाही हा प्रश्न. चिमूट घेते आणि देवीवर सोडते.

ही मूठ कुणाची? ह्यांची. ही? भाऊजींची. ते कुठे आहेत? मस्कतला. येणार? नाही, बरीच वर्षं आले नाहीत. ही? त्यांच्या मुलाची. तो? तो तिथेच जन्मला, हे घर त्याने पाहिलेलं नाही.

मग स्मिताची कुठली?

स्मिता चाळणी धरून उभी होती. तिने भाषांतर केलं नाही. मला कळलं ते.

म्हटलं, मुलींची नसते. त्या खातात, पण मूठ नसते. लग्न झालं की खातही नाहीत, दुसऱ्या घरच्या होतात. रूथ म्हणाली, हं. मी म्हटलं, तुझ्या नावापुढे कुणाचं आडनाव आहे गं? बापाचं. आणि लग्नानंतर? ती हसली. बरोबरीत सुटलो.

पण रात्री ताटं घासताना स्मिता म्हणाली, "मस्कतच्याला मूठ आहे. मी इथे चाळणी धरून उभी. माझी मूठ कधी काढशील?"

"देईन कधीतरी." मी हसून टाकलं. नको होतं हसायला.

१० ऑगस्ट, रवि.

कानबाई बसली. गल्लीत ढोल, देवीच्या नारळाला नथ, शेजारच्या चाळीतल्या बायका गाण्यांना. सगळं उत्तम.

अडचण एकच, पाहुणीला जेवायला काय घालायचं? रोट देता येत नाही, घरात दुसरं शिजत नाही. शेवटी समोरच्या निरूबेनकडून खिचडी-कढी. म्हणजे आम्ही पुरणाचं खातोय आणि सातासमुद्रापलीकडून आलेली पाहुणी दारात बसून खिचडी. निरूबेन म्हणाली, "शुं थयुं, छोकरी मांदी छे?" पोर आजारी आहे का म्हणे. रूथ मात्र खूश. तिला वाटलं हा खास मान आहे.

तिला खरं कुणी सांगितलं नाही. नडलं ते हेच.

११ ऑगस्ट, सोम.

सकाळी देवी बोळवली. आम्ही तापीवरून परतलो, मी तशीच शाळेत गेले. दुपारी रूथ बालवाडीवरून भुकेली आली. घरात कोणी नाही. फळीवर फडक्याखाली उरलेला रोट. तिने दुधात कुस्करला आणि खाल्ला. माझ्या कपात.

वर कप धुऊन ठेवला. आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाली, छान होता तो केक!

माय पाटावर होती. ती उठली आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली.

१२ ऑगस्ट, मंगळ.

माय बोलत नाही. जेवली नाही, चहा घेतला. हे म्हणाले, बाहेरचीने रोट खाल्ला असं आपल्या घरी कधी झालेलं नाही. जसं काही मीच इंग्लंडहून मागवली होती. स्मिताने रूथला सगळं समजावलं. रूथ रडली, मग म्हणाली मी दुसरीकडे राहायला जाते. पिशवी भरायला लागली.

मला मायची भीती वाटत होती. खरं तर मायलाच भीती वाटत होती. भाऊजी मस्कतला, नातू मस्कतला. देवी कोपली तर कुणावर, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

१३ ऑगस्ट, बुध.

पहाटे मायने निकाल दिला. कुणाला विचारलं, देवीला की स्वतःला, माहीत नाही.

"खाई टाकं ना तिनी? मंग आते ती आपलीच शे."

म्हणजे रोट बाहेरच्याने खाल्लाच नाही. खाल्ला तोच घरचा झाला. मी मोठमोठ्या वकिलांबद्दल ऐकलंय, पण हे काही औरच. पिशवी मायने स्वतः उपसली. लगेच शिक्षाही दिली, घरची आहेस तर उरलेला संपव. दगडासारखा झालाय तो आता. रूथ दोन्हीकडच्या दाढांनी झुंजते आहे. स्मिता शेजारी बसून झुंजते आहे.

१४ ऑगस्ट, गुरु.

मुलगी माझी आहे यात शंका नाही. आज जेवताना, अगदी गरीब आवाजात :

"आजी, रूथ आपली झाली ना?"

"हां."

"म्हणजे आपल्या घरातली एक मुलगी वर्षभर देशोदेशी हिंडतेय. तुला चालतंय. मग दुसरीने काय घोडं मारलंय?"

ह्यांचा घास हातातच. मायने आधी "तिनी गोट न्यारी शे" म्हणून बघितलं. न्यारी कशी, ते सांगता येईना. निकाल तिचाच होता. मग एकदम आवाज फुटला :

"मी मरसू तवय तोंडमा पानी कोन टाकी?"

तोंडात पाणी कोण घालणार.  स्मिता उठून तिच्याजवळ जाऊन बसली. हट्ट सोडला असं मात्र म्हणाली नाही.

रात्री तिने मला विचारलं, "तुला काय वाटतं, आई?" मी म्हटलं, फार्मसीची जागा साधी गोष्ट नाही. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तुला काय वाटतं ते विचारलं."

काय वाटतं? वाटतं, जाऊ नये. वाटतं, मी गेले असते. दोन्ही. तिच्या वयाची असताना मी सुरतेपलीकडे फक्त जवळच्याच चलथाणला गेले होते, मावशीकडे, आणि परत येताना गाडी चुकली याचा आनंद अजून आठवतो.

१७ ऑगस्ट, रवि.

गट गेला. स्टेशनवर शिट्टी, मोजणी, एक पोरगा भज्यांच्या गाडीवर सापडला. रूथने घरून निघताना मायच्या पाया पडून घेतलं, ह्यांच्या पडली, माझ्या पडली, आणि झपाट्यात निरूबेनच्या कामवालीच्याही. मायने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, तुझ्या आजीला भेट. स्मिताने भाषांतर केलं. रूथने मान हलवली.

फार्मसीची फी भरायचा उद्या शेवटचा दिवस. तिकडे होय-नाही बुधवारपर्यंत फोनवर कळवायचं. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. लग्नापासून पहिल्यांदा म्हणाले, तेही नेमकं आत्ता. स्मिता गच्चीवर.

माय संध्याकाळी वाती वळताना, माझ्याकडे न बघता :

"तठे थंडी कितली राहस?"

म्हटलं, खूप. तिने हं केलं आणि वाती वळत राहिली. याचा अर्थ मी लावणार नाही. तिच्याकडे एक जाड गोधडी आहे, एवढं मात्र मला माहीत आहे.

माझा कप परत आला. चहा करायला आत गेले. कोठीचं झाकण उघडलं, कुणी नव्हतं. गव्हाची एक मूठ घेतली. मग वर चिमूट. पाव झाली असेल, देवी बघून घेईल. छोट्या डब्यात वेगळे ठेवले, स्मिताच्या नावाचे, पुढच्या कानबाईसाठी. ती इथे असो की तिथे. दोन दाणे खाली पडले होते, तेही उचलून आत टाकले आणि झाकण लावलं.