माठाखालची ताटली

बाबा, आज इथे परदेशात, पोरिरुआ शहरातल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात मला तुमचा शेवटचा माठ आठवला. दर उन्हाळ्यात कुंभारवाड्यात तुम्ही माठाला टिचक्या मारायचात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर तडा आहे समजायचं. कान गेल्यावरही तुमच्या टिचक्या चालूच राहिल्या. त्या वर्षीचा माठ तुम्ही मोठ्या ऐटीत आणलात आणि दुपारपर्यंत तो गळायला लागला. आईने खाली ताटली ठेवली, ती भरली की गुपचूप रिकामी करायची. तुम्ही "पाणी काय गार आहे" म्हणत पीत राहिलात.

मीही पोटासाठी तेच करतो, ठोकून आवाज ऐकतो. भूकंपात खांब फुटू नयेत म्हणून इथे त्यांना कार्बन फायबरचं कापड रेझिनने चिकटवून गुंडाळतात. ते आतून कुठे सुटलंय, हे काही न फोडता शोधायचं. उष्णता टिपणारा कॅमेरा आहे, पण आमच्याकडे शेवटचा शब्द छोट्या हातोडीचा. ठोकत जायचं, बद्द वाजलं की खडूने गोल करायचा. ती जागा राहून गेली तर खांब नुसताच नटलेला. आणि आता माझेही कान चाललेत. हॉस्पिटलात कान तपासणारी पोरगी नागपूरची निघाली. "काका, मशीनने आवाज मोठा होईल, पण तो बारीक फरक परत नाही यायचा," म्हणाली. घरी लेकीला दुसऱ्यांदा काही विचारलं की ती म्हणते, "नेव्हर माइंड, डॅड." तेवढं मात्र नीट ऐकू येतं.

आज जेवणानंतर पाण्याची बाटली विसरली म्हणून सकाळी तपासलेल्या खांबांपाशी परत गेलो. तिथे खडूचे गोल होते, मी न काढलेले. माझा जोडीदार, माझ्याच वयाचा सामोअन, माझ्यामागून सगळे खांब पुन्हा ठोकत होता. मला पाहून त्याने हातोडी खिशात टाकली. "ऑल गुड, ब्रो?"

"स्वीट ॲज," मी इथल्या भाषेत म्हणालो, म्हणजे एकदम झकास.

बाबा, ती ताटली तुम्हाला दिसत होती ना? इतकी वर्षं मला वाटायचं, दिसली नसेल. काम सोडायला हवं हे कळतंय, सोडून करू काय ते कळत नाही. तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणून तर लिहितोय. ते गोल मला दिसले, हे मी त्याला सांगितलेलं नाही. उद्या पुढच्या खांबापासून मी ठोकायला लागेन, आणि तो मागून येईल.