ताटाची डावी बाजू

नारायण पेठ, पुणे
बुधवार

ती. आईंना नमस्कार,

हे आता दोन पोळ्या खातात, काळजी करू नका. तुमची जवसाची चटणी रोज वाढते, तरी "आईनं चटणी दिलीच नाही" म्हणून चिडायचे. डॉक्टर म्हणाले, झटका मेंदूच्या उजव्या बाजूला बसलाय. डोळे नीट आहेत, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. आणि चटणी आपण डावीकडेच वाढतो ना! काल ताट फिरवून ठेवलं, तर बोटानं पुसून खाल्ली.

तुमचे गुडघे कसे आहेत? मी जरा थकलेय, एवढंच. आज सकाळभर डावीकडे बसून यांचा हात चोळत होते, तर हे नर्सला विचारतात, "पूर्णिमा अजून आली नाही?"

तुम्ही याल तेव्हा उजवीकडून या.

तुमची सून,
पूर्णिमा