मृणालच्या बोटाला पाठ असलेल्या जागा

॥ श्री ॥
फरीदाबाद, दि. ९ जुलै २०२४

चि. सौ. लतास, इंदुताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? शंकररावांची साखर उतरली का, की अजून चोरून बर्फी चालू आहे? नीरजच्या बाळाचा खोकला थांबला का? तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच झालं, लता. जे लिहिते आहे ते तोंडाने सांगायची माझी छाती झाली नसती.

इकडे राजीव, कल्पना ठीक. मृणाल ठीक नाही, आणि ते माझ्यामुळे.

आमची ही दहा वर्षांची नात जन्मापासून बोलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. शाळेतल्या विशेष वर्गाच्या वीणा मॅडमनी तीन वर्षं खपून तिला टॅबलेटवर बोलायला शिकवलं. पडद्यावर चित्रांचे चौकोन असतात, एक दाबला की टॅबलेट तो शब्द बोलतो. एकशेचाळीस शब्द झाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅबलेट पहिल्यांदा घरी आला. मी व्हिडिओ बघून बघून शिकले आणि टॅबलेटमधल्या हिंदी बोलणाऱ्या बाईच्या जागी माझा आवाज भरला, मराठीत. पोर माझ्या आवाजात भूक लागली म्हणाली तेव्हा राजीवने डोळे पुसले. तिथेच थांबायचं होतं.

पण मला ती मांडणी खुपायची. पाण्याशेजारी बस, पोळीशेजारी डोकं दुखतंय. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बसले आणि मिसळणाचा डबा लावावा तसं सगळं लावलं. खाणं खाण्यात, माणसं माणसांत, तीही वडीलकीच्या क्रमाने. नवा शब्द घालता यावा म्हणून मॅडमनी टॅबलेटच्या कुलपाचा आकडा मला विश्वासाने दिला होता. घरात कोणाला बोलले नाही, म्हटलं आपोआप दिसेल आणि कौतुक होईल.

दुसऱ्या दिवसापासून मृणालला पाणी हवं असलं की टॅबलेट आत्या म्हणतो. शाळेतून निरोप आला की हिला आत्याची आठवण येते आहे. आम्ही हसलो, आत्याला फोन लावून दिला. पोर तहानलेली. मॅडमनी मग सांगितलं की मृणाल चित्र शोधतच नाही, तिच्या बोटाला जागा पाठ आहे. आता ती स्वतःचं मनगट चावते. जुनी मांडणी कुठे उतरवून ठेवलेली नाही. एकतीस तारखेला शाळेत तिची तपासणी आहे. त्या दिवशी टॅबलेटवर बोलली नाही तर वर्गातून काढून नुसत्या सांभाळायच्या खोलीत बसवणार.

आणि राजीवला वाटतं, हे शाळेत मॅडमनीच केलं. प्रिन्सिपलसमोर म्हणाला की घरात कोणी हात लावलेला नाही, माझी आई तर डोळ्यांत तेल घालून जपते. लेखी तक्रारही दिली. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण आकड्याचं नाव काढलं नाही. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते.

काय करू ते कळव. लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू दे.

तुझी
इंदुताई

॥ श्री ॥
कराड, दि. १५ जुलै २०२४

ती. ताईस, लताचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा आहे तसाच. हे बर्फी सोडून पेढ्यावर आले आहेत. बाळ खडखडीत.

राग मानू नकोस, पण मी तुला आजची ओळखत नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी आलीस आणि न विचारता माझं स्वयंपाकघर लावून गेलीस. दोन महिने मी गुळाला हात घालत होते आणि हाती भांड्यांचा साबण येत होता. डोळे चांगले झाले होते तरी. हे म्हणायचे, मेव्हणीबाईंनी घर आवरलं, आता आपण घर शोधू.

राजीवला सांग. हे पत्र वाचून चष्मा काढायच्या आत सांग. त्या बाईच्या पोटावर पाय येतो आहे आणि तू रुमाल शोधतेस?

दुसरं. मांडणी कुठेच उतरवलेली नाही म्हणतेस, पण पोरीच्या बोटात आहे ना? साबण हाती आला की मला कळायचं, इथे गूळ होता. तहान लागेल तेव्हा ती कुठे दाबते ते बघ आणि पाणी तिथे नेऊन ठेव. तिच्या मागे मागे जा. शिकवायला बसू नकोस, तुझी खोड आहे ती.

जेवत जा वेळेवर. कृपा असू द्यावी.

तुझी
लता

॥ श्री ॥
फरीदाबाद, दि. ८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. लतास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी जेवताना सांगितलं. राजीव अच्छा म्हणाला, एवढंच, आणि हात धुऊन उठला. तक्रार मागे घेतली, मॅडमची माफी मागितली. माझ्याशी अजून बोलत नाही. मीठ हवं असलं तर कल्पनाकडे मागतो, मीठ माझ्यापुढे असतं.

मॅडम शनिवारी घरी येतात. त्यांना पहिल्यांदा चहा दिला तेव्हा मीही माफी मागितली. त्या म्हणाल्या, गलती मेरी भी है आंटीजी, कॉपी रखनी चाहिए थी. त्यांनी मला फैलावर घेतलं असतं तर सोसलं असतं.

तू म्हणालीस तसं करतो आहोत. सव्वीस चौकोन परत जागेवर आले. पाणी आलं, पुरे आलं, दुखतंय आलं. पण तपासणीपर्यंत वेळ पुरला नाही. मृणाल दोन्ही हात मांडीखाली घालून बसून राहिली, पडद्याला शिवलीसुद्धा नाही. तिला त्या सांभाळायच्या खोलीत हलवलं. पुन्हा तपासणी दिवाळीनंतर.

तेव्हापासून एक नवीनच झालं आहे. शाळेतून आली की खालच्या ओळीतला उजवा चौकोन दाबते. पूर्वी तो कधी दाबल्याचं मला आठवत नाही, मॅडमनाही नाही. दूध ठेवून पाहिलं, बाबा ठेवलं, झोप, बाहेर, शाळा ठेवलं. शब्द ऐकला की माझा हात ढकलते. दिवसाला एकच शब्द ठेवून बघता येतो, दुसरा चुकला की मनगट तोंडात जातं. काल चौकोन कोराच ठेवला. तिने दाबला, आवाज आला नाही, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली. नेमकं कशाला हो म्हणाले, लता?

एकशेचाळीसपैकीच एक आहे, माझ्याच आवाजात भरलेला, आणि मला कळत नाही कुठला. सोबत सगळ्या शब्दांची यादी जोडली आहे. सापडलेल्यांवर आणि चुकलेल्यांवर खूण केली आहे. उरलेले तू वाच. न ऐकू येणाऱ्या माणसाला जे कळतं ते मला कळत नसेल. कुठला असेल ते उलट टपाली लिही. शाळेची बस रोज चारला येते.

तुझी
इंदुताई