पापडांखालचे कागद

नागपूर, मे १९७२

विश्वनाथा, आशीर्वाद.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतले संवाद तुले पाठ, अन् आजीले पत्र लिहाचं विसरतं काहून गा?

तुझ्या प्रबंधाचे कागद बायकोनं रद्दीत घातले असं समजून तू प्रेमलताले माहेरी चंद्रपूरले धाडलं. ते मी घेतले होते. मले अक्षर कळत नाही. पापड वाळवाले गच्चीवर पसरले. पापडांले शाई लागली, तशी भेली अन् सगळे चुलीत घातले. तू इथं घरी तिच्यावर ओरडत होता, तवा मी तिथंच खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

शेजारच्या यमुताईनं हे तिसऱ्यांदा लिहून देल्लं. आधीची दोन लाजेनं पेटीतच राहिली.

वर्ध्याहून मले गोरसपाक बिस्किटं धाडू नको. चंद्रपूरले पोचव, अन् डबा स्वतः ने.

तुझी आजी जिजाबाई